पखालीतलं कुवेत

आमच्या तात्यांना कुणी पेल्यात अर्धं पाणी ठेवून उठलेलं खपत नसे. "उरलं ते अबोलीला घाल," म्हणायचे, आणि खरंच घातलं की नाही ते बघायला मागोमाग यायचे. दापोलीकडची आमची वाडी. आषाढात पागोळ्यांचा आवाज इतका, की ओटीवरचं बोलणं माजघरात पोचत नाही. अशा मुलखात जन्मलेला माणूस पाण्याला इतका जपतो कसा, याचं आम्हां पोरांना नवल वाटे. माई मात्र त्याचं खापर सरळ कुवेतवर फोडायची. "तिकडे जाऊन आले नि पाण्याचे चिक्कू झाले मेले!"

तात्या गेले ते १९५०नंतरच्या कुठल्याशा वर्षी. नेमकं साल विचारलं की ते "तुझ्या आत्याच्या बारशानंतर" एवढंच सांगत. तेव्हा मुंबईहून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी आखाताकडे जात. दुमरा, दारा, दरेसा, द्वारका अशी सगळी 'द'ची नावं. तात्या नेमके कोणत्या बोटीने गेले, यावर घरात कधीच एकमत झालं नाही. ते द्वारका म्हणायचे, माई दारा. १९६१च्या एप्रिलमध्ये दुबईजवळ दारावर स्फोट होऊन २३८ माणसं गेली, तेव्हापासून आमच्या खाडीपट्ट्यात घरटी एक माणूस 'दारावरून गेलेला' निघू लागला. माईची दारा त्यातलीच असावी.

परमुलखात गेले म्हणायचं, पण पगार मिळे आपल्याच रुपयांत. तिथल्या बाजारात तेव्हा भारताचा रुपया चालत असे. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, आणि १९६१ मध्ये कुवेतने स्वतःचा दिनार आणला. त्या वेगळ्या रंगाच्या नोटांतली एक तात्यांच्या ट्रंकेत होती म्हणतात. मी काही ती पाहिली नाही. पाहिली ती ट्रंक, आणि तिला येणारा खजुराचा वास.

कुवेतच्या जुन्या गोष्टी मात्र तात्यांच्या नव्हेत, नाखवाचाचांच्या. दाभोळ खाडीपलीकडचे हे म्हातारे गृहस्थ तरुणपणी बसऱ्याहून मुंबईला खजूर आणणाऱ्या शिडाच्या जहाजावर खलाशी होते. ईदचा शिरखुर्मा घेऊन यायचे आणि जाताना माईच्या हातची फणसपोळी बांधून न्यायचे. मधल्या वेळात त्यांचं तोंड सुरू. त्यांच्या गोष्टींतली मीठमिरची वगळूनही बरंच खरं उरत असे, हे मला पुढे पुस्तकं वाचताना कळलं.

कुवेतला नदी नाही. वर्षाकाठी पाऊस पडून पडून किती, तर सरासरी शंभर-सव्वाशे मिलिमीटर. विहिरी थोड्या, त्याही बहुतेक मचूळ. शहर वाढलं तशा त्या पुरेनात. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तिथले लोक शिडाच्या जहाजांत लाकडी टाक्या बसवून उत्तरेला शत्त-अल-अरब नदीवर जाऊ लागले. टाक्या भरायच्या आणि परत यायचं. किनाऱ्यावर ते पाणी पखालींत भरून, गाढवावर नाहीतर पाठीवर घेऊन दारोदार विकायचं. १९३९ मध्ये तर या पाणीवाहतुकीसाठी खास कंपनीच निघाली. "वारा फिरला की अख्खं गाव वाट बघत बसायचं," चाचा सांगत. "आपल्याकडे होडीची वाट बघतात मासळीसाठी. तिथे पाण्यासाठी."

बहारीनची गोष्ट त्यांनी सांगितली तेव्हा आम्ही हसलो होतो. तिथे समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते, आणि पाणबुडे कातडी पिशवी घेऊन खाली बुडी मारत आणि खाऱ्या समुद्रातून गोडं पाणी भरून वर येत. ही थाप नव्हती. मोती काढणाऱ्यांना त्या झऱ्यांचा चांगलाच आधार असे. तेच मोती आपल्या मुंबईच्या बाजारात येत. पुढे जपानी कल्चर्ड मोत्यांनी तो धंदा बसवला आणि १९३०च्या दशकात सगळ्या किनाऱ्यावर उपासमार आली.

नेमक्या त्याच हलाखीच्या दिवसांत, १९३८च्या फेब्रुवारीत, कुवेतमधल्या बुरगानच्या वाळूखाली तेल लागलं. पण युद्ध आलं आणि १९४२ मध्ये विहिरी सिमेंट ओतून बुजवाव्या लागल्या. तेलाचं पहिलं जहाज भरलं ते ३० जून १९४६ ला, तिथले शासक शेख अहमद अल-जाबेर यांच्या हस्ते. अहमदीच्या टेकाडावर मोठमोठ्या टाक्या होत्या. तिथून तेल पंपाशिवाय, नुसत्या उताराने खाली समुद्रावरच्या जहाजांत जाई. तात्यांना या गोष्टीचं फार अप्रूप. "तेल आपसूक वाहत येतं, आणि पाण्यासाठी मात्र भट्टी लावावी लागते, बघ देवाची करणी!"

भट्टी म्हणजे शुवैखचा कारखाना. १९५० मध्ये गादीवर आलेल्या शेख अब्दुल्ला अल-सालेम यांनी तेलाचा पैसा शाळा, दवाखाने आणि पाणी यांत ओतला. समुद्राचं पाणी गोडं करणारा शुवैखचा कारखाना १९५३ मध्ये सुरू झाला, दिवसाला दहा लाख गॅलनचा. तात्या तिथे फिटर. आम्ही पेज शिजताना चुलीपाशी बसलो की ते झाकणी उचलून उलटी करत. खाली लटकलेले थेंब बोटावर घेऊन म्हणत, "चाखून बघ. मीठ लागतं? नाही ना? हाच आमचा कारखाना." पाणी तापवायचं, वाफ गार करायची, थेंब गोळा करायचे. पुढे कमी कमी दाबाच्या एकामागून एक कप्प्यांत तेच पाणी थोड्या उष्णतेत पुन्हा पुन्हा उकळवण्याची युक्ती आली. पण नळ्यांच्या आत क्षाराचे थर धरत, ते खरवडून काढायचं काम तात्यांच्या टोळीकडे असे. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याचं नख तिथे गेलं ते धड पुन्हा आलंच नाही.

असं केलेलं पाणी इतकं निर्मळ, की त्याला चवच नसे. म्हणून त्यात विहिरीचं थोडं मचूळ पाणी मिसळून मग लोकांना देत. हे ऐकल्यावर माईचा शेरा ठरलेला. "पाण्याला पाण्याची फोडणी? कसलं मेलं ते पाणी!" तिला त्या देशातली एकच गोष्ट पसंत होती. आपलं पापलेट तिथेही मिळतं, आणि तिथली माणसंही ते आवडीने भाताबरोबर खातात. "म्हणजे अगदीच वाया गेलेला मुलूख नाही," म्हणायची.

तात्या परतले आणि काही वर्षांनी काका गेला. काकाचं कुवेत वेगळं. उंच निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे छत्रीसारखे पाण्याचे बुरूज, आणि १९७९ मध्ये खुले झालेले कुवेत टॉवर्स. त्यांच्या गोळ्यांतही पाणीच साठवलेलं. देशाने आपली ओळख म्हणून तेलाची विहीर न मिरवता पाण्याची टाकी मिरवली, हे तात्यांना मनापासून पटलेलं. काकाने पाठवलेलं टॉवर्सचं पोस्टकार्ड त्यांनी देव्हाऱ्याच्या भिंतीला लावलं होतं.

२ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा घुसल्या. काका बसने बगदाद, तिथून अम्मान आणि मग एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आला. सुटकेच्या त्या मोहिमेत पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय परत आले. खाडीकाठची कितीतरी घरं एका महिन्यात रिकाम्या हातांची झाली. पुढे जानेवारीत समुद्रात तेल सोडलं गेल्याची बातमी रेडिओवर आली तेव्हा सगळे पक्ष्यांची, माशांची हळहळ करत होते. तात्या म्हणाले, "आता पितील काय?" गोडं पाणी करणारे कारखाने त्याच समुद्रातून पाणी ओढतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पळ काढताना इराकी फौजांनी सहाशेहून जास्त तेलविहिरी पेटवल्या. त्या विझवायला पाणी आणायचं कुठून? जे नळ विहिरींचं तेल समुद्राकडे नेत, त्यांतूनच समुद्राचं पाणी उलटं विहिरींकडे नेलं. शेवटची विहीर ६ नोव्हेंबर १९९१ ला बंद झाली. पण सांडलेलं तेल आणि ते खारं पाणी, दोन्ही जमिनीत मुरली आणि उत्तरेकडच्या रौदातैनचा भूजलसाठा नासला. त्या देशाला निसर्गाने दिलेलं गोडं पाणी जवळजवळ तेवढंच होतं. ते १९६० मध्ये सापडलं तेव्हाचा आनंद तात्यांनी स्वतः पाहिला होता. ही बातमी कळली त्या दिवशी ते जेवले नाहीत, असं माई सांगायची. काका म्हणतो, जेवले, फक्त बोलले नाहीत.

तात्या गेले, माई गेली, नाखवाचाचांच्या घराला कुलूप आहे. आमच्या तालुक्यात आजही तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, पऱ्ह्यांतून सरळ खाडीला मिळतो, आणि एप्रिल उजाडला की वाडीवर टँकर येतो. टँकर चालतो डिझेलवर, आणि आपल्या देशातल्या डिझेलचं कच्चं तेल बरंचसं आखातातूनच येतं. म्हणजे तेल जाळून पाणी पिणारे आता आपणही झालो. कुवेतकरांना दुसरा इलाज नव्हता. आपल्याला आहे, आणि म्हणून आपलं हे वागणं गरज नव्हे, शुद्ध आळस आहे. यंदा भातं कापून झाली की सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मातीने भरा आणि घराजवळच्या पऱ्ह्यावर बंधारा घाला. चार माणसांचं, एका दिवसाचं काम आहे.