पर्यटन व ख्रिस्ती धर्मविचार

व्यापारी पर्यटनाचा दुर्बल समाजांवर होणारा परिणाम न्यायाच्या कसोटीवर तपासणारी ख्रिस्ती विचारधारा. व्हॅटिकनने १९६९ मध्ये काढलेल्या पर्यटनविषयक मार्गदर्शिकेत प्रवाशांच्या धार्मिक सेवेवर भर होता. आशियातील चर्चसंस्थांनी यजमान समाजाची बाजू पुढे आणली. आशियाई ख्रिस्ती परिषदेने सप्टेंबर १९८० मध्ये मानिला येथे भरविलेल्या परिसंवादानंतर १९८२ मध्ये तिसऱ्या जगातील पर्यटनाचा विचार करणारी चर्चसंस्थांची संयुक्त संघटना स्थापन झाली. तिच्या प्रयत्नांतून १९९० मध्ये पर्यटनाशी निगडित बालवेश्याव्यवसायाविरुद्ध स्वतंत्र चळवळ उभी राहिली.

बायबलमधील लेवीय ग्रंथानुसार भूमी ईश्वराची असून माणूस तीवर उपरा आहे; म्हणून ती कायमची विकता येत नाही. परक्यावर प्रेम करण्याची आज्ञाही त्याच ग्रंथात आहे. त्यामुळे आतिथ्य हे कर्तव्य ठरते, विक्रेय वस्तू नव्हे.

गोव्यात १९८५ पासून चार्टर विमानांनी परदेशी पर्यटक येऊ लागले. किनाऱ्यावरील जमीन, पाणी व मच्छीमारांची उपजीविका यांचे प्रश्न तीव्र झाले. १९८७ मध्ये ‘जागृत गोंयकारांची फौज’ या संघटनेने निदर्शने केली. काही ख्रिस्ती धर्मगुरूंनीही हे प्रश्न हाती घेतले.

पर्यटनाने रोजगार मिळतो, हे ही विचारधारा नाकारीत नाही. निर्णय कोणाचा व लाभ कोणास, हे ती विचारते. नंदुरबार जिल्ह्यात नवापूर परिसरात आदिवासी ख्रिस्ती समाज आहे, तर तोरणमाळ हे थंड हवेचे ठिकाण आदिवासी वस्तीच्या मुलखात आहे. तेथेही हाच प्रश्न मूलभूत ठरतो.