धीर आणि भय : वसईची मोहीम, तिची कागदपत्रे आणि एक युद्धकादंबरी

१

युद्धविषयक लेखनात सामान्य सैनिकाचे भय कोठे असते, हा प्रश्न वरवर पाहता मानसशास्त्राचा वाटतो. वस्तुतः तो प्रथम कथनाचा प्रश्न आहे. भय वाटणे ही एक घटना आहे. ते कोणाच्या नावे, कोणत्या क्रियापदाने आणि कोणाला उद्देशून नोंदले जाते, ही दुसरी. साहित्याच्या इतिहासाला प्रत्यक्ष हाती लागते ती दुसरी घटना. पहिलीविषयी त्याला अनुमानच करावे लागते.

स्टीफन क्रेनची 'द रेड बॅज ऑफ करेज' ही कादंबरी १८९५ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. सैनिकाच्या भयाचे अभिजात चित्रण म्हणून ती ओळखली जाते, आणि 'कोणत्याही काळातील कोणताही सैनिक असाच भितो' असे विधान तिच्याविषयी सहज केले जाते. हे विधान तपासून पाहण्यासाठी वसई हे ठिकाण सोयीचे आहे. आजच्या पालघर जिल्ह्यातील या किल्ल्याभोवती १७३९ मध्ये झालेला वेढा हा मराठ्यांच्या इतिहासातील सर्वांत रक्तरंजित वेढ्यांपैकी एक आहे, आणि त्याची समकालीन मराठी कागदपत्रे मोठ्या प्रमाणात उपलब्ध आहेत. क्रेन वाचून या कागदपत्रांकडे वळल्यास काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

क्रेनचा जन्म १८७१ चा. अमेरिकेतील यादवी युद्ध त्यापूर्वी सहा वर्षे, १८६५ मध्ये संपले होते. कादंबरी लिहिली तेव्हा त्याने युद्ध पाहिलेले नव्हते. बातमीदार म्हणून तो प्रथम रणभूमीवर गेला तो १८९७ च्या ग्रीक-तुर्की युद्धात, आणि १९०० मध्ये, वयाची तिशी गाठण्यापूर्वीच, क्षयाने त्याचे निधन झाले. त्याच्यासमोर होते ते कागद. यादवी युद्धात लढलेल्यांच्या आठवणी 'सेंच्युरी' मासिकाने विपुल छापल्या होत्या. त्यांतून हालचाली, तुकड्या आणि निर्णय कळत होते. लढणाऱ्या माणसाला काय वाटले, हे मात्र त्यांतून फारसे कळत नव्हते. म्हणजे क्रेनची कादंबरी अनुभवाच्या बळावर उभी नाही. कागदपत्रांतील एका उणिवेच्या जाणिवेवर ती उभी आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला हा तपशील महत्त्वाचा वाटावा.

कादंबरीचा नायक हेन्री फ्लेमिंग. निवेदक त्याला बहुधा नावाने न संबोधता केवळ 'तरुण' म्हणतो. लढाईचेही नाव सांगितले जात नाही. आईच्या इच्छेविरुद्ध स्वखुशीने सैन्यात भरती झालेल्या या तरुणाला प्रत्यक्ष लढाईपूर्वी एकच प्रश्न ग्रासतो : मी पळेन काय? पहिल्या चकमकीत तो टिकतो, दुसऱ्या वेळी पळतो. पळून गेल्यावर तो पळण्याचे समर्थन शोधतो. रानात खारीला फळ फेकून मारतो, ती पळते, आणि निसर्गाचाच हा नियम असल्याचे त्याला समाधान वाटते. पुढे त्याच्या डोक्याला जखम होते, पण ती शत्रूने केलेली नसते. आपल्याच बाजूच्या, पळणाऱ्या एका सैनिकाच्या बंदुकीचा दस्ता त्याला लागलेला असतो. तुकडीत परतल्यावर ती जखम गोळीची समजली जाते आणि तो गप्प राहतो. दुसऱ्या दिवशी तो निशाण हाती घेऊन शौर्याने लढतो.

शीर्षकातील शौर्याचे तांबडे चिन्ह असे मुळातच खोटे आहे. हेन्रीचे नंतरचे शौर्य खरे, पण त्याची प्रतिष्ठा एका न सांगितलेल्या गोष्टीवर उभी आहे. कादंबरीच्या अखेरीस तो प्रौढ होतो की केवळ नवी आत्मवंचना स्वीकारतो, यावर समीक्षकांत मतभेद आहेत. क्रेनने १८९६ मध्ये लिहिलेल्या 'द व्हेटरन' या कथेत म्हातारा हेन्री गावकऱ्यांसमोर आपल्या पळण्याची कबुली देतो, आणि लढाईचे चॅन्सलर्सव्हिल हे नावही तेथेच उच्चारले जाते. भयाला वाचा फुटण्यास लेखकाला दुसरी संहिता आणि पात्राला सारे आयुष्य लागले.

या रूपबंधासाठी दोन गोष्टी आवश्यक होत्या. स्वतःलाच अज्ञात असलेला आणि म्हणून स्वतःची परीक्षा पाहू इच्छिणारा 'मी', ही पहिली. त्या 'मी'च्या मनात शिरूनही त्याच्यावर विश्वास न टाकणारा, त्याचा धिक्कारही न करणारा निवेदक, ही दुसरी. भय सार्वत्रिक असेल. या दोन गोष्टी सार्वत्रिक नाहीत. त्यांना इतिहास आहे.

३

वसई १५३४ पासून पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे व साष्टी घेतली, विरारजवळचा अर्नाळाही घेतला, पण वसईवरचे त्या वर्षीचे प्रयत्न फसले. १७३९ च्या आरंभी माहीम, तारापूर आदी उत्तरेकडील ठाणी पडली आणि फेब्रुवारीत चिमाजी आप्पांनी वसईला वेढा दिला. खाडी, समुद्र आणि दलदल यांमुळे किल्ल्याला जमिनीवरून भिडण्याची वाट उत्तरेकडूनच होती. वाळूतून मोर्चे पुढे नेत सैन्य तटापर्यंत पोहोचले. मे महिन्यात सुरुंगांनी बुरूज उडवून निर्वाणीचे हल्ले झाले आणि नव्या कालगणनेनुसार १६ मे १७३९ रोजी तहाची कलमे ठरली. ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात मराठ्यांच्या बाजूचे मेलेले व जखमी पाच हजारांवर दिले आहेत.

या मोहिमेची साधने दुर्मीळ नाहीत. ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकरांचा पत्रव्यवहार पारसनीसांनी प्रसिद्ध केला. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दप्तरातील निवडक कागदांचा सोळावा खंड याच मोहिमेला वाहिलेला आहे. य. न. केळकरांनी तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. तेव्हा 'कागदच नाहीत' असे म्हणता येत नाही. कागद आहेत, आणि त्यांत 'मी पळेन काय' असे स्वतःला विचारणारा शिपाई नाही.

पण म्हणून त्यांत भय नाही असे होत नाही. ते इतर ठिकाणी आहे, आणि ती ठिकाणे ओळखता येतात.

पहिले ठिकाण क्रियापदाचे. अठराव्या शतकातील युद्धवृत्तांतांत भय बहुधा समूहाचे असते. फौजेचा धीर सुटतो, लोक कचरतात, पळ निघतो. पानिपताचे वृत्तांत हे याचे ठळक उदाहरण. विश्वासराव पडतात, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसतात, रिकामी अंबारी दिसते आणि सैन्याचा धीर सुटतो. 'धीर' ही येथे सामायिक मालमत्ता आहे. ती सुटते, कोणी एक जण ती सोडत नाही. मराठीत व्यक्तीला कर्ता करणारे 'भिणे' हे क्रियापद नव्हते असे नाही. भाषेची क्षमता होती. वृत्तांत या प्रकाराने ती वापरली नाही.

दुसरे ठिकाण सुरुंगाचे. विजयानंतर चिमाजी आप्पांनी ब्रह्मेंद्रस्वामींना पाठविलेल्या पत्रात हल्ल्यांची हकिकत तपशिलाने येते. काही सुरुंग उडाले, लोक खिंडारात घुसले, परंतु एक सुरुंग उशिरा उडाला, दगडांखाली आपलेच लोक सापडले आणि माघार घ्यावी लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ला झाला. त्या खिंडारातील माणसांनी पायाखालच्या जमिनीवर पुन्हा विश्वास कसा ठेवला असेल, हा प्रश्न आजच्या वाचकाच्या मनात येतो. पत्रात तो येत नाही. माघारीचे कर्तेपण तेथे माणसांकडे नसून दारूकडे जाते. हेन्रीला ज्या समर्थनाची गरज भासते आणि जे तो खारीत शोधतो, ते येथे वृत्तांताच्या रचनेतच सामावलेले आहे. कोणाही माणसाला दोष न लागता सैन्य मागे येऊ शकते.

तिसरे ठिकाण नवसाचे. वज्रेश्वरीला चिमाजी आप्पांनी नवस केला आणि विजयानंतर देवीचे मंदिर उभे राहिले, ही परंपरा सर्वपरिचित आहे. नवस म्हणजे भयाला दिलेले संस्थात्मक रूप. अपयशाची शक्यता त्यात मान्य केलेली असते, पण ती देवतेपुढे मान्य केलेली असल्याने लोकांपुढे लाज येत नाही. वेढा लांबल्यावर 'किल्ला हाती येत नसेल तर माझे मस्तक तरी तोफेच्या तोंडी देऊन आत पाडा' या आशयाचे उद्गार चिमाजींच्या नावावर सांगितले जातात. त्यांतही हीच घडण आहे. ही आख्यायिका शौर्याची म्हणून सांगितली जाते. तिचा प्रसंग मात्र निराशेचा आहे : सैन्य थकले आहे आणि सेनापतीला त्याची खात्री उरलेली नाही. सैन्याचे भय सेनापतीच्या प्रतिज्ञेत रूपांतरित होऊनच स्मृतीत शिरले.

चौथे ठिकाण घराचे. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. त्यांच्या आईला चिमाजींचे सांत्वनपर पत्र गेले. मोहिमेच्या कागदांत व्यक्तीचे दुःख आणि धीर यांची भाषा एकत्र येते ती अशा पत्रांत. पण धीर धरावयाचा आहे तो मागे राहिलेल्या आईने. शिवाय असे पत्र सरदाराच्या घरी जाते. पाच हजारांतील इतरांच्या घरी मृत्यूची बातमी कोणत्या शब्दांत पोहोचली, त्याचा कागद झाला नाही.

४

यावरून दोन निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि दोन्ही टाळले पाहिजेत. पहिला अभिमानाचा : आपल्या पूर्वजांना भय ठाऊकच नव्हते. वरील चार ठिकाणे त्याचे पुरेसे खंडन करतात. दुसरा न्यूनगंडाचा : बखर आणि पत्र हे अविकसित प्रकार, मनाच्या आत शिरणे त्यांना जमले नाही. हा निष्कर्ष अधिक विद्वत्तापूर्ण भासतो, म्हणून अधिक घातक आहे. पत्र हे कोणाला तरी पाठविलेले असते. छावणीतून गुरूला किंवा छत्रपतींना जाणारे पत्र हा अहवाल असतो, त्याचे काम यशाची आणि खर्चाची वार्ता देणे हे असते. क्रेनचा सैनिक हा अक्षरओळख असलेला, वृत्तपत्रे वाचून भरती झालेला, युद्धापूर्वीच युद्धाच्या कथांनी भारलेला नागरिक आहे. त्याचे भय अंशतः वाचनातून आलेले आहे. वसईचा शिपाई सरदाराच्या पथकातून, अनेकदा आपल्या आप्त-गाववाल्यांसह आलेला. त्याच्या पळण्याचे साक्षीदार गावातच भेटणार होते. दोघांच्या भयाची तीव्रता तोलून पाहण्याचे साधन आपल्याजवळ नाही. त्यांच्या भयाचे प्रेक्षक निराळे होते, एवढे निश्चित म्हणता येते.

खरा प्रश्न अठराव्या शतकातील कारकुनांना विचारण्याचा नाही. तो विसाव्या शतकातील मराठी कादंबरीकारांना विचारण्याचा आहे. क्रेनची कादंबरी पुस्तकरूपाने आली त्याच सुमारास हरि नारायण आपटे यांची 'उषःकाल' 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली होती. राजवाड्यांचा साधनांचा पहिला खंड १८९८ चा. म्हणजे कागद आणि कादंबरी मराठीत जवळजवळ एकाच वेळी सिद्ध झाली. पुढे रणजित देसाईंच्या 'स्वामी'ने (१९६२) ऐतिहासिक व्यक्तीच्या अंतर्मनाचे दार उघडले, पण ते पेशव्याचे अंतर्मन होते. विश्वास पाटलांच्या 'पानिपत'चा (१९८८) पट विस्तृत आहे, तरी तिच्या केंद्रस्थानी भाऊसाहेबांच्या प्रतिमेचे पुनर्मूल्यांकन आहे. कादंबरीने बखरीचा नायक घेतला आणि त्याला मन दिले. बखरीचा समूह मात्र तिने समूहच ठेवला. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये (१९३९) महायुद्धाच्या छायेतील माणसाच्या भयाचे आणि भ्याडपणाचे प्रखर आत्मपरीक्षण आहे. तेथे हेन्रीसारखा 'मी' आहे, पण तो सैनिक नाही, आणि शीर्षकातील रणांगण बोटीवर आहे. मराठीत 'मी' युद्धापर्यंत गेला तेव्हा शिपाई सोबत नव्हता. शिपाई होता तेथे 'मी' पोहोचला नाही.

५

वसईत हा प्रश्न आणखी एका कारणाने टोकदार होतो. १७३९ च्या तहाने किल्ल्यातील शिबंदीला शस्त्रांसह बाहेर पडण्याची मुभा मिळाली आणि त्यासाठी आठ दिवसांची मुदत ठरली. वेढलेल्यांचे भय अशा रीतीने कलमांच्या भाषेत नोंदले गेले. पोर्तुगीज गेले, पण येथील ख्रिस्ती समाज राहिला. तो सामवेदी, वाडवळी आणि मराठी बोलत राहिला, मराठी साहित्यात लिहिता झाला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. वसई-विरारच्या वर्गांत आज एकाच बाकावर बसणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी एकाच्या घरी वेढा घालणाऱ्यांची आठवण असेल, तर दुसऱ्याच्या घरी तटाच्या आतल्यांची. विजय आणि पराभव या शब्दांत ही आठवण सांगितली की ती दोघांना दोन बाजूंना बसवते. खिंडाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या असलेल्या, नावे न उरलेल्या माणसांचे भय मात्र एकाच जातीचे होते.

क्रेनच्या कादंबरीचा उपयोग येथे नमुना म्हणून नाही. हेन्री फ्लेमिंगला अंगरखा घालून वाळूच्या मोर्च्यात उभा केल्याने वसईची कादंबरी होणार नाही. त्याची भरती, त्याचे वाचन आणि त्याचा एकाकीपणा त्याच्यासोबत येईल आणि तो उपरा दिसेल. उपयोग आहे तो वाचनपद्धती म्हणून. शौर्याच्या प्रत्येक चिन्हाखाली जखम कोणाच्या हातची आहे, हे विचारण्याची सवय ही कादंबरी लावते. त्या सवयीने वसईची पत्रे वाचली की उशिरा उडालेला सुरुंग, वज्रेश्वरीचा नवस, तोफेची आख्यायिका आणि आईला गेलेले पत्र ही सुटी वाटणारी स्थळे एका रेषेत येतात. फौजेचा धीर सुटला असे वृत्तांत लिहितो तेथे तो प्रथम कोणाचा सुटला, आणि दुसऱ्या दिवशी तोच माणूस पुन्हा खिंडारात का गेला, हे विचारणारी मराठी कादंबरी अद्याप लिहावयाची आहे. तिच्यासाठी लागणारे कागद छापून तयार आहेत.