परवलीच्या शब्दाची कुळकथा



या व्याख्यानमालेत आजवर दप्तरे, बखरी आणि ताम्रपट यांविषयी अधिकारी अभ्यासक बोलून गेले आहेत. मी संगणक विभागात नोकरी करून निवृत्त झालेला मनुष्य. माझा विषय त्या पंक्तीत थोडा उपराच वाटेल. तथापि दप्तराशी त्याचे नाते आहे. मराठेशाहीतील राजपत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि मजकूर संपताच तेथे मोर्तब उमटे, जेणेकरून त्यापुढे कोणास ओळ घुसडता येऊ नये. पत्र खरे कशावरून, या प्रश्नाचे ते उत्तर होते. मात्र तो शिक्का सांभाळण्याची जोखीम दरबारातील एखाद्या जबाबदार अधिकाऱ्यावर असे, रयतेवर नसे. आज बँकेचे खाते, निवृत्तिवेतन, टपाल या सर्वांचे शिक्के ज्याने त्याने स्वतःच्या डोक्यात वागवायचे आहेत. हा भार सामान्य माणसावर कसा आला, तेवढेच मला सांगायचे आहे.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत नोव्हेंबर १९६१ मध्ये फर्नांडो कॉर्बातो यांनी एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत प्रात्यक्षिकासह दाखविली. यंत्र एक, माणसे अनेक, आणि प्रत्येकाचे कागद वेगळे. तेव्हा ज्याचे त्यास मिळावे म्हणून परवलीचा शब्द योजला गेला. ती एक घरगुती सोय होती. तिजोरीचे कुलूप म्हणून कोणी तिच्याकडे पाहिले नव्हते. अॅलन शेर या संशोधकास आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात, म्हणून १९६२ मध्ये त्याने सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच यंत्राकडून छापून घेतली! याची कबुली त्याने पाव शतकानंतर दिली. पुढे काही वर्षांनी याच यंत्रावर दोन कारभारी एकाच वेळी काम करीत असता दोन फायलींची अदलाबदल झाली आणि प्रवेश करणाऱ्या प्रत्येकास दिवसाच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे परवलीचे शब्द वाचावयास मिळाले. कॉर्बातो यांनी ट्यूरिंग पारितोषिकाच्या भाषणात ही हकीकत मोकळेपणाने सांगितली आहे. असा मोकळेपणा आपल्या कचेऱ्यांत क्वचितच आढळतो.

यादी उघडी ठेवणे हाच मूळ दोष होता. केंब्रिजचे रॉजर नीडहॅम यांनी त्यावर तोड सुचविली : शब्द ठेवूच नये, त्याचे असे रूपांतर ठेवावे की ज्यावरून मूळ शब्द परत काढता येणार नाही. या कल्पनेचा पुढचा विचार रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ च्या आपल्या लेखात मांडला. माझ्या मते या विषयावर इतके शहाणे लेखन क्वचितच झाले आहे. त्यांनी लोकांनी निवडलेले ३,२८९ शब्द तपासले. १५ जणांचा शब्द एका अक्षराचा, ७२ जणांचा दोन अक्षरांचा, ४६४ जणांचा तीन अक्षरांचा. असे करीत २,८३१ शब्द, म्हणजे शेकडा ८६, एकतर फार आखूड तरी होते वा कोशांत सापडणारे तरी. यावर त्यांनी माणसांना दोष देत बसण्यापेक्षा यंत्राला कामाला लावले. त्यांची आधीची रूपांतराची कृती फार जलद होती. म्हणजे चोरालाही ती जलदच. म्हणून त्यांनी दुसरी कृती घेऊन ती पंचवीस वेळा फिरविली. एकदाच शब्द लिहिणाऱ्या मालकास तो विलंब जाणवत नाही. लाखो शब्द लावून पाहणाऱ्या चोरास मात्र तो असह्य होतो. शिवाय प्रत्येक शब्दात यंत्र स्वतः एक यादृच्छिक अंक मिसळू लागले. त्याला त्यांनी 'मीठ' हे नाव दिले. एकाच शब्दाची त्यामुळे ४,०९६ रूपे होऊ लागली, आणि चोराला एकदा केलेला खटाटोप सर्वांविरुद्ध वापरता येईना. वापरणाऱ्यास लांब शब्द निवडण्याची केवळ विनंती होती.

ही विनंती पुढे हुकूम झाली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी याच मॉरिस यांच्या मुलाने सोडलेला 'किडा' जाळ्यावरील यंत्रांत शिरला. इतर वाटांबरोबर ४३२ नेहमीचे शब्द लावून पाहण्याची युक्तीही त्यात होती. धास्ती साहजिक होती. अंक हवा, चिन्ह हवे, मोठे अक्षर हवे, ठराविक मुदतीने बदल हवा, अशी कलमे वाढत गेली. १९९९ मध्ये अॅन अॅडम्स आणि अँजेला सॅसे यांनी 'वापरणारे हे शत्रू नव्हेत' अशा अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहून दाखविले, की न पेलणारे नियम घातले की माणसे ते कागदावर उतरवितात आणि सुरक्षाच दुबळी होते. तरीही अमेरिकन मानक संस्थेची २०१७ ची मार्गदर्शिका येईपर्यंत कलमे टिकली. तिने ठराविक मुदतीने शब्द बदलण्याची सक्ती करू नये, असे सांगितले. जुन्या सूचना लिहिणारे बिल बर यांनीही त्याच वर्षी पश्चात्ताप व्यक्त केला.

आपल्याकडील एक उदाहरण मला समंजस वाटते. रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून कार्ड समोर नसता होणाऱ्या व्यवहारांस जादा पडताळणी आवश्यक केली. पण दुकानात कार्ड नुसते टेकवून द्यावयाच्या लहान रकमांना मात्र सूट दिली. ही मर्यादा २०१५ मध्ये २,००० रुपये होती, जानेवारी २०२१ पासून ५,००० झाली. धोक्याच्या मानाने अडवणूक, असा हा हिशेब आहे.

आता माझ्यापुरते. १९९० नंतरच्या वर्षांत माझ्या कचेरीत दर महिन्यास शब्द बदलण्याचा नियम मीच लिहिला. मॉरिस-थॉम्पसन यांचा लेख तेव्हा मी वाचलेला होता, त्यातील ८६ टक्क्यांचा आकडा मला पाठ होता. मिठाचा मथितार्थ मात्र उमगला नव्हता. एका ज्येष्ठ लिपिकाच्या मेजाच्या खणात शब्द लिहिलेली चिठ्ठी सापडली. तीन यंत्रांचे तीन शब्द दर महिन्यास नवे कसे ध्यानात ठेवावेत, असे त्यांनी नम्रपणे विचारले होते. मी उत्तर न देता लेखी समज दिली आणि ती त्यांच्या सेवापुस्तकात नोंदविली. ते गृहस्थ याच शाळेचे माजी विद्यार्थी. आज ते या सभागृहात असतील, तर त्यांच्या त्या प्रश्नाला एवढ्या वर्षांनी हे माझे उत्तर आहे.