लाल अळीची वडी

रत्नागिरीत शोभिवंत मासे पाळणाऱ्याच्या घरी फ्रीजरचा कप्पा उघडला, तर सुरमईच्या तुकड्यांच्या डब्यामागे बहुधा एक पट्टी सापडते. औषधाच्या गोळ्यांच्या पट्टीसारखीच, फक्त खाचा मोठ्या आणि प्रत्येक खाचेत गडद लाल रंगाची बर्फाची वडी. वडी पाण्यात टाकली की दोन-चार मिनिटांत विरघळते आणि तिच्यातून दोऱ्यासारख्या लाल अळ्या मोकळ्या होतात. एरवी काचेच्या पेटीच्या कोपऱ्यात निपचित पडलेला फायटर मासा त्यांच्यावर झडप घालतो. दुकानात या वडीला ‘फ्रोजन ब्लडवर्म’ म्हणतात.

नाव थोडं फसवं आहे. हा जीव गांडुळाच्या कुळातला नाही. कायरोनोमस जातीच्या चिलटाची ती अळी आहे. दिसायला डासासारखं, पण न चावणारं हे चिलट संध्याकाळी तळ्याकाठी थव्याने घोंघावतं. मादी पाण्यात चिकट, जेलीसारख्या आवरणात अंडी घालते. अळी तळाच्या चिखलात रेशमासारख्या धाग्याची नळी विणून राहते, चार वेळा कात टाकत वाढते, कोषात जाते आणि अखेर पंख फुटून उडते. पंख आल्यावरचं आयुष्य जेमतेम काही दिवसांचं. अळीचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तात असतं त्याच जातीच्या द्रव्याचा. कीटकांमध्ये हे फारच विरळा. त्याच्या जोरावर ही अळी प्राणवायू जवळजवळ संपलेल्या गाळातही तग धरते.

या अळीवर महाराष्ट्रात चांगलं संशोधन झालं आहे. पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कायरोनोमस रामोसस या भारतीय जातीचा अनेक वर्षं अभ्यास झाला. माणसाला प्राणघातक ठरणाऱ्या मात्रेच्या शेकडो पट किरणोत्सर्ग ही अळी सोसते, हे त्या अभ्यासांतून दिसलं. तिच्या नळीचं रेशीमही अभ्यासकांनी तपासलं. माशाच्या पेटीत चिमटीने सोडला जाणारा हा घास साधासुधा नाही.

माशाला खाऊ घालण्याची हौस मात्र काचेच्या पेटीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. मराठीच्या जुन्या खुणांसाठी अभ्यासक ज्याच्याकडे वळतात तोच हा ग्रंथ. त्यात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरण आहे. गळाने मासे पकडण्याचा राजाचा छंद हा त्याचा विषय. पण त्याआधी माशांना चारा घालून पोसायचं कसं, कोणत्या माशाला पिठाचे वा भाताचे गोळे आणि कोणाला मांस, याचाही विचार त्यात आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर लेख लिहिला आणि मत्स्यशास्त्राच्या अभ्यासकांना ते माहीत झालं. शाकाहारी मासा वेगळा, मांसाहारी मासा वेगळा, हे आज पेटीबाहेर पाटी लावून सांगावं लागतं. ते जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं होतं.

दुसरी परंपरा देवाच्या माशांची. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवरची वाळण कोंड आणि पालघर जिल्ह्यात वाड्याजवळ वैतरणेवरचं तिळसे, या दोन्ही ठिकाणी डोहातले मासे देवाचे मानले जातात. त्यांना कोणी मारत नाही, भाविक कुरमुरे टाकतात आणि मोठाले महसीर पाण्यावर येऊन ते टिपतात. इथे माशाची उपासमार होण्याचा प्रश्नच नाही. कुरमुरे हा वरचा खाऊ. खरं जेवण नदी देते.

पेटीतल्या माशाला नदी नसते. सगळा पेच तिथून सुरू होतो.

फिलिप गॉस या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८५४ साली आपल्या पुस्तकातून ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ केला. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यालय उघडलं होतं. पाण्यात वनस्पती ठेवल्या तर प्राणवायूचा मेळ बसतो, हे तोवर कळलं होतं. पण मासा पेटीत महिनोन्‌महिने जगवायचा तर त्याला पचेल आणि पाणीही नासणार नाही असं खाणं हवं. पावाचा चुरा, शिजवलेल्या अंड्याचा बलक, बारीक चिरलेलं मांस असे नाना प्रयोग झाले. बहुतेकांत उरलेलं अन्न तळाशी कुजायचं आणि मासा भुकेने मरण्याआधी घाणीने मरायचा.

मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. सात वर्षांनी, १९५८ मध्ये, रत्नागिरीत सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र उभं राहिलं. महाराष्ट्र राज्य तेव्हा अजून व्हायचं होतं. पुढे दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि हे केंद्र त्या विद्यापीठाकडे आलं. आज पर्यटक तिथे मुख्यतः देवमाशाचा प्रचंड सांगाडा आणि काचेपलीकडचे रंगीत मासे बघायला जातात. शाळेच्या सहली येतात, पोरं काचेला नाक लावून उभी राहतात. पण अशा ठिकाणचं खरं काम काचेच्या मागच्या बाजूला चालतं: पाणी बदलणं, गाळणं, हवा सोडणं आणि प्रत्येकाच्या तोंडाच्या मापाचा घास रोज तयार ठेवणं. मिरकरवाड्याचं बंदर हाकेच्या अंतरावर असल्याने मोठ्या समुद्री माशांसाठी कोळंबी किंवा तिसऱ्यांचं मांस मिळणं रत्नागिरीत अवघड नाही. अवघड असतं ते नुकत्याच फुटलेल्या, डोळ्याला धड न दिसणाऱ्या पिल्लांना भरवणं.

त्या कोड्याची एक किल्ली मिठागरात होती. आर्टेमिया हा खाऱ्या पाण्यातला चिमुकला कवचधारी जीव. त्याची अंडी सुकलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं टिकतात आणि खाऱ्या पाण्यात टाकली की साधारण एका दिवसात फुटतात. त्यातून निघणारी, अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरची पिल्लं म्हणजे माशांच्या पिल्लांसाठी आयता जिवंत घास. हा उपयोग १९३०च्या दशकात अमेरिकेत आणि नॉर्वेत ध्यानात आला. पुढे अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकची अंडी डबाबंद होऊन जगभर जाऊ लागली. मुंबईच्या मिठागरांतही आर्टेमिया आहे, ही नोंद डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी १९५३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात केली. आपल्याकडच्या मिठागरात असलेला जीव आपण परदेशी डब्यातून विकत घेत राहिलो, ही खंत आजही जात नाही.

हौशी माणसाचं जिवंत खाद्य याहून साधं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डासांच्या बंदोबस्तासाठी गप्पी मासा भारतात आला आणि कोकणातल्या विहिरी-टाक्यांपर्यंत पोहोचला. आरोग्य खात्याने गावोगावच्या भिंतींवर गप्पी मासे पाळण्याचं आवाहन रंगवलं. अनेक मुलांचा पहिला पाळीव मासा हा असा विहिरीतून बरणीत आलेला गप्पीच. त्याला डासाच्या अळ्या घातल्या की तो तुटून पडतो, हे पोरांना कोणी शिकवावं लागलं नाही. ब्लडवर्म डासाच्या अळीचा लांबचा नातलग. म्हणजे आज वडीच्या रूपाने विकत मिळणारं खाणं त्या बरणीतल्या खाण्याहून फार निराळं नाही.

शहरात मासे पाळणाऱ्यांची गरज ट्युबिफेक्सने भागवली. हे बारीक लाल किडे सांडपाण्याच्या नाल्यांतल्या गाळात गुच्छाने राहतात. तिथून ते गोळा करायचे, वाहत्या पाण्यात धुवायचे आणि गोळ्यासारखे जमले की विकायचे, असा हा धंदा. कोलकात्यापासून मुंबईच्या कुर्ल्यापर्यंत शोभिवंत माशांच्या बाजारांनी या किड्यांवर माशांच्या पिढ्या वाढवल्या. गाळात उभं राहून किडे काढणाऱ्या माणसांची नावं या छंदाच्या कुठल्याही पुस्तकात नाहीत. ती असायला हवी होती. दोष खाद्याच्या उगमात होता. नाल्यातलं विष आणि रोगजंतू किड्यांबरोबर थेट पेटीत उतरायचे. आठवडाभर धुतलेला ट्युबिफेक्सही पुरता भरवशाचा नसे.

१९५५ साली जर्मनीत उलरिख बेन्श यांनी ‘टेट्रामिन’ हे पापुद्र्यांचं कोरडं खाद्य बाजारात आणलं आणि हा छंद घराघरांत शिरला. डबी उघडा, चिमूट टाका, झालं. तरीही पैदास करणाऱ्यांचं समाधान कोरड्या पापुद्र्यांवर झालं नाही. अंड्यावर येणाऱ्या मादीला आणि रुसलेल्या माशाला मांसाची चव लागते. रशियात बर्फाळ तळ्यांच्या तळातून हीच लाल अळी काढून गळाला लावायची जुनी रीत होती. तिला तिथे ‘मोतिल’ म्हणतात. युरोपातले मासे पाळणारेही तिच्यावर खूश होते. अडचण एकच: जिवंत अळी काही दिवसांत मरते किंवा चिलट होऊन उडून जाते.

ती अडचण बर्फाने सोडवली.

बर्फाचं आणि पश्चिम किनाऱ्याचं नातं जुनं आहे. १८३४ साली अमेरिकेतून जहाजाने आलेला बर्फ मुंबईकरांनी नवलाईने चाखला. १९५३ साली कोचीनहून गोठवलेल्या कोळंबीची निर्यात सुरू झाली आणि किनाऱ्यावरच्या मासेमारीचा नूरच पालटला. रत्नागिरीतही बर्फाचे कारखाने आणि शीतगृहं आली. इथल्या गद्रे मरीनने सुरिमी, म्हणजे माशाच्या मांसाचा गोठवलेला लगदा, देशोदेशी पाठवला. गोठवण्याची हीच विद्या लाल अळीला लागू झाली. अळ्या धुवायच्या, खाचांत भरायच्या, झटपट गोठवायच्या. काही उत्पादक जंतू मारण्यासाठी गॅमा किरणांचाही मारा करतात. जगातला बराच माल चीनमधून येतो. मासे गोठवून बाहेर पाठवणाऱ्या या शहरात माशांसाठी गोठवलेल्या अळ्या बाहेरून येतात.

वडी सोयीची आहे, पण तिच्याबद्दल भाबडेपणा नको. तिच्या वजनाचा सुमारे ९० टक्के भाग पाणीच असतो. गोठवल्याने सगळे जंतू मरतातच असं नाही आणि गाळातून अळीच्या अंगात गेलेले जड धातू बर्फाने कुठे जात नाहीत. माणसालाही जपावं लागतं. अळीच्या हिमोग्लोबिनची ॲलर्जी काहींना होते: शिंका, डोळ्यांना खाज, क्वचित दमा. १९८०च्या दशकात जर्मन डॉक्टरांनी मासे पाळणाऱ्यांत आणि मत्स्यखाद्याच्या कामगारांत ती ओळखली. सुकवलेल्या अळीची पूड यात सर्वांत त्रासदायक, कारण ती श्वासावाटे आत जाते.

कोकणात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती म्हणजे वीज. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड-दापोलीकडच्या अनेक गावांत कित्येक दिवस दिवे लागले नव्हते. एरवीच्या पावसाळ्यातही झाड तारेवर पडलं की फ्रीज बंद. वितळलेली अळी उष्ण, दमट हवेत काही तासांत नासते. वीज आल्यावर ती पुन्हा घट्ट होते आणि वरून काहीच कळत नाही.

म्हणून रत्नागिरीने आपलं खाद्य आपण वाढवावं, हे म्हणणं रास्त आहे. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय १९८१पासून विद्यार्थी घडवत आहे, संशोधन केंद्र त्याहून जुनं आहे आणि शोभिवंत मत्स्यपालनाचं प्रशिक्षण इथे मिळतं. मोईना, डाफ्निया यांसारखे पाणपिसू सिमेंटच्या टाकीत शेणखतावर किंवा यीस्टवर वाढतात. जवळ्याची पूड, शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा यांपासून कोरडं खाद्य करता येतं. यातलं काहीच परदेशातून आणावं लागत नाही. बचत गटांना यात कमाई आहे आणि माशांना नाल्याविना वाढलेला घास आहे. लाल अळीची स्वच्छ पैदास करणंही अशक्य नाही; पुण्याच्या प्रयोगशाळेत तिच्या पिढ्यांमागून पिढ्या वाढल्याच आहेत.

तोवर वडी वापरणाऱ्यांनी एवढं करावं. एका वेळी लागेल तेवढीच वडी वाटीत पेटीच्या पाण्यात वितळवावी. चहाच्या गाळणीने गाळून लाल पाणी फेकून द्यावं आणि मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील तेवढ्याच अळ्या सोडाव्यात. फायटरला चार-पाच पुरतात. आठवड्यातून दोन-तीनदा हा घास पुरे, एरवी कोरडं खाद्य; गोल्डफिशला तर वाटाण्यासारखा वनस्पतीचा घासही हवा. नंतर हात साबणाने धुवावेत. आणि रात्री बराच वेळ वीज गेली असेल, तर सकाळी पट्टी कितीही घट्ट दिसली तरी ती माशांना घालू नये, टाकून द्यावी.