मामांच्या हेराल्डचं कण्हणं

इतिहास नेहमी आवाज करणाऱ्यांचाच लिहिला जातो. तोफा, तुताऱ्या, पुढारी आणि वाफेची इंजिनं यांना पुस्तकात एकेक प्रकरण मिळतं. बेअरिंगला मात्र तळटीपसुद्धा मिळत नाही, कारण त्याचं सारं पुण्य गप्प राहण्यात आहे. घरातल्या मोठ्या सुनेसारखं ते सगळ्यांचा भार वाहतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ते बोलायला लागलं, की समजावं, पाणी गळ्याशी आलं आहे.

आमच्या मामांच्या गाडीचं बेअरिंग बोललं राजूरला. वणी तालुक्यातलं हे राजूर म्हणजे कोळसा आणि चुना. एक काळा, एक पांढरा. मामी सकाळी वाळत घालतात ते धोतर पांढरं असतं. दुपारपर्यंत त्यावर दोघांचा समेट होऊन ते राखाडी होतं. अशा गावात मामांनी स्पोर्टस् कार बाळगली आहे. निदान मामा तिला स्पोर्टस् कार म्हणतात. आरसी बुकात तिचं नाव ‘स्टँडर्ड हेराल्ड’ असं आहे.

मामांच्या म्हणण्याला आधार नाही असं नाही. ट्रायम्फ हेराल्ड ही गाडी इंग्लंडमध्ये 1959 साली निघाली. तिचं रूप मिकेलोत्ती नावाच्या इटालियन कलावंतानं रेखाटलं. 1961 पासून ती मद्रासला ‘स्टँडर्ड’ या नावानं तयार होऊ लागली. तिकडे इंग्रजांनी 1962 साली त्याच सांगाड्यावर ‘स्पिटफायर’ ही दोन माणसांची स्पोर्टस् कार बेतली. म्हणजे नात्यानं आमची हेराल्ड त्या स्पिटफायरची थोरली बहीण. धाकटी शर्यतीत धावली, थोरली मद्रासमार्गे वऱ्हाडात नांदायला आली, एवढाच फरक. मागची दोन्ही चाकं मात्र दोघींची सारख्याच स्वभावाची. एक वर गेलं तरी दुसऱ्याला त्याचं सोयरसुतक नाही.

तर ही हेराल्ड कण्हू लागली. मामांच्या मते तो रस्त्याचा आवाज होता. मग वाऱ्याचा होता. मग वणीच्या वाटेवरच्या कोळशाच्या ट्रकांचा होता. मामी मागच्या सीटवर बसतात, त्यामुळे त्यांना सत्य जवळून ऐकू येत होतं. त्या म्हणाल्या, “अवो, गाडी कन्हून राहिली ना बाप्पा!”

शेवटी शेजारच्या फिटरकाकांना बोलावलं. काका कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले. ते मागे बसले, डोळे मिटले आणि म्हणाले, “चालवा भाऊसाहेब. आता डावीकडं वळवा.” डावीकडे वळताच कण्हणं वाढलं. उजवीकडे वळल्यावर कमी झालं. “उजवं चाक,” काका म्हणाले. डाव्या वळणावर गाडीचा भार उजव्या चाकावर कलतो. ज्याचं दुखतं तो भार पडला की ओरडतो. इतकं साधं निदान मी आजवर कुठल्या इस्पितळात पाहिलेलं नाही.

“एवढं कसं ऐकू येतं तुम्हाला?” मी विचारलं.

“मास्तर, खानीत शिकलो. तिथं सबलीनं छत ठोकून पाहा लागते. खनखन वाजलं तं खुशाल काम करा. बदबद वाजलं तं निघा भाईर. ज्याले फरक नाही समजला, तो सांगाले वापस नाही आला.”

यावर मामा पहिल्यांदाच गप्प झाले. हेराल्डच्या मागच्या चाकाचा दांडा मोडला तर चाक एकटंच पुढे निघून जातं, ही ख्याती त्यांना ठाऊक होती. आणि मागे मामी बसतात, हेही.

बेअरिंगचा इतिहास तसा आपल्या अंगणातूनच सुरू होतो. आमच्याकडची बंडी, म्हणजे बैलगाडी, घ्या. आसावर चाक फिरतं, धातूवर धातू घासतो, मध्ये वंगणाचा चिखल. वंगण संपलं की बंडी गावभर बोंब मारते. घासण्याऐवजी गोळ्यांवरून घरंगळत जावं, ही युक्ती फार जुनी. इटलीत नेमीच्या तळ्यात रोमन बादशहा कॅलिग्युलाची जहाजं सापडली, त्यांत गोळ्यांवर फिरणारा लाकडी पाट होता. पुढे 1794 साली वेल्समधल्या फिलिप व्हॉन यानं घोडागाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचं पेटंट घेतलं. 1869 साली पॅरिस ते रुआँ अशी सायकलींची शर्यत झाली. जिंकणाऱ्या जेम्स मूरच्या सायकलीला बॉल बेअरिंग होतं. म्हणजे बेअरिंग आणि शर्यत यांचं लग्न मोटारीच्या आधीचं आहे.

खरी अडचण होती गोळ्यांची. दहा गोळ्यांत एक जरी केसभर मोठी असली, तरी सगळा भार तिच्यावर येतो आणि बाकीच्या नऊ नुसत्या मिरवतात. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे समजावून सांगायला नको. 1883 साली जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावच्या फ्रीडरिश फिशरनं सगळ्या गोळ्या सारख्या आणि गोल घासणारं यंत्र केलं, तेव्हा हा अन्याय संपला. त्या गावाचं पुढे काय झालं पाहा. 14 ऑक्टोबर 1943 रोजी अमेरिकेनं श्वाइनफुर्टच्या बेअरिंग कारखान्यांवर बॉम्ब टाकायला विमानं धाडली आणि एका दिवसात त्यांतली साठ बॉम्बफेकी विमानं गमावली. कशासाठी? तर लोखंडी गोट्यांसाठी! पण रणगाडा, विमान, तोफेचा गाडा, सगळं शेवटी त्यांच्यावरच फिरत होतं.

मामांच्या अंगणात युद्ध दोन दिवस चाललं. गाडी जॅकवर चढली, पुढच्या चाकांना विटा लागल्या, जॅकवर भरवसा नको म्हणून खाली सागाचे ओंडके सरकवले. चाक निघालं, ड्रम निघाला, मधला नट निघाला. हब मात्र निघेना. हेराल्डचा हब निमुळत्या दांड्यावर बसवलेला असतो. वर्षं जातात तसा तो दांड्याला असा चिकटतो, की सत्तेवरचा मंत्री बरा. मामांनी हातोडी उचलली. काकांनी ती काढून घेतली. “हानू नका, दांडा जाईन.” मग त्यांनी तीन पायांचा जाडजूड पुलर लावला, स्क्रू आवळला, आणखी आवळला आणि म्हणाले, “आता जेवाले जा. रातभर राहू द्या.”

सकाळी त्यांनी स्क्रूच्या टोकावर एकच टोला दिला. ठण्ण असा आवाज झाला आणि हब हातभर मागे उडाला. मामी तुळशीपाशी होत्या. त्यांनी आधी तुळशीला नमस्कार केला, मग काकांना.

जुन्या बेअरिंगची गोळ्या फिरायची वाट खरवडून निघाली होती. नवं बेअरिंग दांड्यावर बसेना. ते केसभर तंगच केलेलं असतं. काकांनी कढई मागितली. मामींनी भज्यांची दिली, कारण तेव्हा त्यांना कारण सांगितलं नव्हतं. तेलात बेअरिंग तापलं. काकांनी ते उचलून वर पाण्याचा थेंब टाकला, थेंब तडतडला, आणि बेअरिंग दांड्यावर लोण्यासारखं सरकलं. थंड झाल्यावर त्यानं जी पकड घेतली, ती घेतली.

“अहो, हे तर धाव बसवणं झालं!” मी म्हणालो. बंडीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टा, म्हणजे धाव, अशीच बसवतात. गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चाकावर घालायची, वर पाणी ओतायचं. ती आकसते आणि चाक आवळून धरते.

“मंग?” काका म्हणाले. “माहा बाप तेच करे. मी खानीत गेलो, अन् तेच केलं. फक्त पगार झाला.”

दुसरं चाकही काकांनी खोलायला लावलं. एकाचं वय झालं तर जोडीदाराचंही झालंच असणार, हे त्यांचं शास्त्र. पैसे घेतले नाहीत. नवी कढई मात्र मामांनी मुकाट्यानं आणली.

हेराल्ड आता गप्प आहे. मामी मागच्या सीटवर डुलकी काढतात. दुसरं प्रमाणपत्र मला नको. काढलेली दोन बेअरिंगं काकांच्या नातवानं पळवली, कुठून तरी तिसरं मिळवलं आणि फळकुटाला ठोकून तीन चाकांची गाडी केली. ती सिमेंटच्या रस्त्यावरून असा खडखडाट करत जाते, की कोळशाचे ट्रक बरे. पण तिच्यावर बसलेल्या पोराचं तोंड पाहिलं, की राजूरमधली खरी स्पोर्टस् कार कुठली, याबद्दल माझ्या मनात शंका उरत नाही. मामांना हे मी सांगितलेलं नाही.