चुकलेला गिअर आणि हमीचा कागद

मोटारीचा गिअर चुकणे हा इतिहासाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका श्रोत्यांच्या मनात आली तर आम्ही त्यांना दोष देणार नाही. इतिहास म्हटला की गड, तह आणि राजांच्या सनावळ्या ऐकण्याची आपल्याला सवय. परंतु ज्या अंधेरी-बोरिवलीत आणि मुलुंड-घाटकोपरात एके काळी चाळीत एखादी स्कूटर आली तरी मुले तिच्याभोवती गोळा होत, तेथेच आज आवारात मोटार कोणी कोठे उभी करायची यावरून सोसायटीच्या सभा मध्यरात्रीपर्यंत चालतात. यंत्र घरात आले की त्याच्यामागून त्याची भांडणेही घरात येतात; आणि भांडणांना इतिहास असतोच.

ज्या भांडणाविषयी आम्ही बोलणार आहोत त्याचे स्वरूप साधारणतः असे असते. गाडी नवी, वर्षही पुरे झालेले नाही. एके रात्री मोकळ्या रस्त्यावर इंजिनातून कर्कश आवाज येतो, गाडी बंद पडते, ओढून वर्कशॉपमध्ये न्यावी लागते. आठ दिवसांनी निरोप येतो : इंजिनाचे व्हॉल्व्ह वाकले आहेत, पिस्टनला मार बसला आहे, चालवणाऱ्याने चौथ्याऐवजी दुसरा गिअर टाकला, सबब हमी लागू नाही. मालक म्हणतो, मी चौथाच टाकत होतो, दांडा आपणहून भलतीकडे गेला. बिल लाखाच्या घरात. आता खरे कोणाचे?

प्रथम यंत्राचे समजून घेऊ. समजा, गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आहे आणि इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत आहे. गिअरची प्रमाणे दुसऱ्याला २.२५, तिसऱ्याला १.५ आणि चौथ्याला १ अशी धरली, तर चौथा पडताच इंजिन ४,००० फेऱ्यांवर शांतपणे उतरेल. पण चौथा आणि दुसरा ही दोन्ही घरे खालच्याच बाजूला, एकमेकांना लागून असतात. दांडा मागे ओढताना हात किंचित डावीकडे गेला की दुसरा पडतो, आणि क्लच सुटताक्षणी इंजिनाला ९,००० फेरे घ्यावे लागतात. कारण त्या क्षणी इंजिन चाकांना फिरवत नसते, धावत्या गाडीची चाकेच इंजिनाला फिरवत असतात. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांना तो वेग झेपत नाही, व्हॉल्व्ह वेळेत मिटत नाहीत आणि वर येणारा पिस्टन त्यांच्यावर आदळतो. आधुनिक गाडीत अतिवेग रोखणारी यंत्रणा असते खरी, पण ती करते काय, तर इंधन तोडते. चाकांनी ओढलेल्या इंजिनाला इंधन तोडून काय होणार? पाश्चात्त्य शर्यतबाज या चुकीला ‘मनी शिफ्ट’ म्हणतात, कारण ती थेट खिशाला भिडते. अंधेरीच्या पुलाखालच्या गर्दीत कोणी तिसऱ्या गिअरात ६,००० फेरे गाठील ही कल्पना हास्यास्पद आहे. परंतु मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाल्यापासून उपनगरातल्या माणसाचा रविवार उपनगरातच जात नाही.

ही चूक मोटारीइतकीच जुनी असली, तरी तिच्यावरून भांडण्याची ऐपत मात्र आपल्याला उशिरा आली. याचे कारण आपल्या दारातच सापडते. मुलुंडहून घाटकोपरमार्गे दक्षिणेकडे येणारा रस्ता, ज्याला पूर्वी आग्रा रोड म्हणत आणि आज लाल बहादूर शास्त्री मार्ग म्हणतात, तो कुर्ल्यात शिरतो. या कुर्ल्यात सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना उभा राहिला. कंपनी १९४४ ची. क्रायस्लर या अमेरिकन कंपनीशी करार करून येथे डॉज, प्लिमथ, डी सोटो या गाड्या जोडण्यात आल्या. पुढे इटलीच्या फियाटशी हातमिळवणी होऊन १९५४ पासून फियाट ११०० येऊ लागली. तीच १९६४ साली ‘डिलाइट’ झाली आणि १९७४ साली ‘पद्मिनी’. तिचा गिअरचा दांडा पायांजवळ नसून स्टिअरिंगच्या खांबावर होता, आणि दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत सांध्यांची एक लांबलचक साखळी. सांधे झिजले की मनात एक गिअर आणि पेटीत दुसरा, ही गत प्रत्येक टॅक्सीवाल्याला ठाऊक होती. तरी तो चालवत राही, कारण त्याच्या हाताला गाडीचा स्वभाव कळलेला असे. मुंबईच्या रस्त्यांवरून ही पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर नाहीशी झाली.

त्या काळी गाडीच्या हमीवरून कोणी कंपनीशी भांडल्याचे फारसे ऐकू येत नसे. गाड्या निर्दोष होत्या म्हणून नव्हे. त्यांच्या दर्जाबद्दल ओरड इतकी झाली की १९६७ साली केंद्र सरकारला खास चौकशी समिती नेमावी लागली. खरे कारण टंचाईचे होते. मोटारींच्या वाटपावर १९५९ पासून सरकारी नियंत्रण. नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, आणि गाडी हाती आली की ती जशी असेल तशी प्रसाद म्हणून घ्यायची. ज्याच्यामागे इतकी मोठी रांग उभी, तो गिऱ्हाईक तक्रार कोणत्या तोंडाने करणार? तो कंपनीकडे न जाता मिस्त्रीकडे जाई. मिस्त्री इंजिन खोलून, वाकलेला व्हॉल्व्ह बोटांत फिरवून, “साहेब, गिअर चुकला,” एवढेच म्हणे, आणि तो निर्णय अंतिम. आमच्या मते त्या व्यवस्थेत एक गोष्ट चांगली होती : निवाडा करणाऱ्याचा त्या दोषाशी काही हितसंबंध नसे. ही सोय पुढे गेली, ती कशी हे पाहण्यासारखे आहे.

कायदा मात्र होता. तोही १९३० चा. आपल्या माल-विक्रीच्या कायद्यात दोन शब्द शेजारी शेजारी बसले आहेत. एक ‘कंडिशन’, म्हणजे सौद्याची मूळ अट, आणि दुसरा ‘वॉरंटी’. मूळ अट मोडली तर गिऱ्हाईक माल परत करू शकते. वॉरंटी मोडली तर फक्त नुकसानभरपाई मागू शकते, माल नाकारू शकत नाही. म्हणजे ज्या शब्दाने गिऱ्हाइकाचा चेहरा खुलतो, तो कायद्याच्या दृष्टीने दोहोंतला धाकटा आहे! शिवाय कंपनीचा छापील कागद निवांतपणी वाचावा. पहिल्या परिच्छेदात कंपनी आश्वासन देते, आणि उरलेल्या बारीक टायपात ते परत घेते : हयगय, गैरवापर, शर्यत, बाहेरची दुरुस्ती यांतून आलेला बिघाड वगळून. चुकलेला गिअर या यादीत नेमका बसतो.

या कागदाची पहिली खरी झडती परदेशात झाली, आणि गंमत अशी की ज्या प्लिमथ नावाच्या गाड्या आपल्या कुर्ल्यात जोडल्या जात, त्याच नावाच्या गाडीवरून झाली. मे १९५५ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात एका गृहस्थाने पत्नीसाठी नवी प्लिमथ घेतली. दहा दिवसांनी, गाडी जेमतेम ४६८ मैल चालली असताना, बाईंना पुढच्या भागातून काही तुटल्याचा मोठा आवाज आला, सुकाणूचे चाक हातांतून गरकन फिरले आणि गाडी उजवीकडे वळून भिंतीवर आदळली. पुढचा भाग इतका चेचला की कोणता भाग आधी तुटला हे कोणालाच सांगता येईना. कंपनीने कागद पुढे केला : ९० दिवस किंवा ४,००० मैल, आणि तेही सदोष भाग बदलून देण्यापुरतेच. मे १९६० मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हेनिंगसेन विरुद्ध ब्लूमफील्ड मोटर्स या खटल्यात हे कलम लोकहिताच्या विरुद्ध म्हणून निरर्थक ठरवले. सर्वच मोठ्या कंपन्या एकच छापील कागद वापरत असताना गिऱ्हाइकाने तो खुशीने मान्य केला असे म्हणण्यात अर्थ नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा रोख. आम्हांला या निकालातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. तुटलेला भाग दाखवता येत नव्हता, तरी बाई हरल्या नाहीत. गाडी नवी, चालवणे नेहमीसारखे, आणि अपघात असा की तो दोषावाचून सहसा होत नाही, एवढे पुरले.

आपल्याकडे हे वारे यायला आणखी काही वर्षे लागली. १९६६ साली मुंबईत काही स्त्रियांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी स्थापन केली; १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायतीचा जन्म झाला. आरंभी प्रश्न डाळ-तांदळाचे, भेसळीचे आणि मापाचे होते. मोटार कोणाच्या स्वप्नात नव्हती. पण डाळीच्या मापावरून भांडायला शिकलेला मध्यमवर्गच पुढे मोटारीच्या बिलावरून भांडला. १९८३ च्या डिसेंबरात पहिल्या मारुती गाड्या रस्त्यावर आल्या, रांग हळूहळू ओसरू लागली. आणि १९८६ मध्ये ग्राहक संरक्षण कायदा आला. साध्या कागदावर अर्ज, वकिलाची सक्ती नाही. १९९० मध्ये मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर त्याचे ग्राहक न्यायपीठ वांद्र्याला बसू लागले. २०१९ च्या नव्या कायद्याने तक्रारदार जेथे राहतो तेथेच दाद मागण्याची मुभा दिली; तेव्हा मुलुंडच्या माणसाने टोलनाका ओलांडून ठाण्यात गाडी घेतली असली तरी त्याला वांद्र्याला जाता येते.

दार उघडले, पण आत गेल्यावर पुराव्याचा प्रश्न उभाच. कायदा म्हणतो, दोष तपासणीवाचून कळण्यासारखा नसेल तर वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवावी, आणि तिची फी प्रथम तक्रारदाराने भरावी. राष्ट्रीय आयोगाने अनेक निकालांत म्हटले की निर्मितीतला दोष सिद्ध करायचा तर तज्ज्ञाचा अहवाल गिऱ्हाइकाने आणावा. २००६ साली मारुतीच्या एका गाडीच्या क्लचच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने हमीचा कागद अक्षरशः वाचला : कंपनीचे बंधन सदोष भाग बदलण्याचे, सबंध गाडी बदलून देण्याचे नव्हे. २०१९ च्या कायद्यात उत्पादकाच्या जबाबदारीचे एक संपूर्ण प्रकरण आहे, पण वस्तूचा गैरवापर झाला असेल तर विक्रेत्यावर दावा लागत नाही, हा अपवादही त्यातच आहे. म्हणून सगळी लढाई त्या एका शब्दाभोवती, गैरवापराभोवती, फिरते.

आणि येथेच नवा साक्षीदार पिंजऱ्यात येतो. गाडीत आता एक संगणक बसलेला असतो. प्रदूषणाच्या नियमांबरोबर २०१० ते २०१३ च्या दरम्यान बिघाडाची नोंद ठेवणारी यंत्रणा आपल्याकडे टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली, आणि काही गाड्यांत इंजिनाने गाठलेला कमाल वेगही टिपला जातो. वर्कशॉपचा माणूस तार जोडतो आणि आकडा वाचून दाखवतो : ९,०००. हा आकडा क्षुल्लक नव्हे. इंजिन स्वतःच्या जोरावर ठरलेल्या मर्यादेच्या फारसे पुढे जाऊच शकत नाही. तेव्हा इतका आकडा दिसला तर चाकांनी ओढले, म्हणजे खालचा गिअर पडला, हे मानावेच लागेल. मालकाने याच्याशी वाद घालू नये.

परंतु गिअर का पडला, हे तो आकडा सांगत नाही. हात चुकला असेल. किंवा इंजिन ज्या रबरी आधारांवर बसते ते ढिले असतील आणि जोरात पळताना गिअरबॉक्स जागच्या जागी कलली असेल. किंवा दांड्याला मधल्या घरात परत आणणारी स्प्रिंग मेली असेल. किंवा गिअर निवडणारी तार चुकीची लावली गेली असेल. कुर्ल्याच्या जुन्या फियाटमध्ये ज्या दोषाला सांध्यांची झीज म्हणत, त्याचीच ही नवी भावंडे. आकड्यापुरते पाहिले तर हाताची चूक आणि स्प्रिंगची चूक एकच दिसते. फरक दिसतो तो फक्त त्या स्प्रिंगेत आणि त्या रबरात. आणि ते भाग वर्कशॉपच्या कपाटात, नोंद कंपनीच्या संगणकात, आणि पुराव्याची जबाबदारी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर! जुना मिस्त्री निदान तिऱ्हाईत होता. येथे तपासणारा, निवाडा देणारा आणि बिल करणारा एकच.

या बाबतीत एप्रिल २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे. ह्युंदाईच्या एका गाडीत अपघाताच्या वेळी सुरक्षेच्या हवेच्या पिशव्या उघडल्या नव्हत्या. धडक पुरेशा जोराची नव्हती, असा कंपनीचा बचाव. धडकेचा वेग आणि बल यांचे गणित मांडणारा पदार्थविज्ञानाचा तज्ज्ञ असावे, अशी अपेक्षा ग्राहकाकडून करता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले आणि ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. न्यू जर्सीच्या त्या प्लिमथनंतर बासष्ट वर्षांनी तेथलाच विचार येथे बोलला गेला. तो चुकलेल्या गिअरला लागू होईल का? आमचे मत असे की आपोआप होणार नाही. पिशवीच्या बाबतीत मालकाचा हात मध्ये येत नाही. गिअरच्या बाबतीत तो सदैव दांड्यावर असतो. म्हणून येथे भागांची तपासणी अटळ आहे, आणि ती इंजिन खोलण्यापूर्वी, तिऱ्हाइताच्या देखत व्हावी असा लेखी आग्रह मालकाने पहिल्याच दिवशी धरला पाहिजे. संगणकातल्या नोंदीची छापील प्रत, काढलेले सर्व भाग, विशेषतः ते स्वस्त रबरी आधार आणि ती चार पैशांची स्प्रिंग, तारीख घालून ताब्यात मागावीत. वांद्र्याला अर्ज पोहोचेपर्यंत वर्कशॉपमधले मोडके भाग बहुधा भंगारात गेलेले असतात.