छप्पर नसलेल्या शाळेचा परवाना

परवा नातीचा अमेरिकेहून फोन आला होता. आता ती अकरा वर्षांची झाली, मराठी मोडकं बोलते पण बोलते. शाळेत कसलासा प्रकल्प आहे, "आजी, तू लहानपणी कुठल्या शाळेत शिकवायचीस?" असं विचारत होती. लहानपणी मी शिकवत नव्हते, शिकत होते, हे समजावण्यात पाच मिनिटं गेली. मग तिच्या लहानपणच्या शाळेचा विषय निघाला आणि फोन ठेवल्यावरही डोक्यात तेच घोळत राहिलं. म्हटलं, लिहूनच टाकावं. आमच्या नातेवाईक मंडळींना यातलं अर्धं पाठ आहे, त्यांनी मधला भाग वाचावा.

2018 साली मे ते ऑक्टोबर असे सहा महिने आम्ही दोघं मुलाकडे सिअ‍ॅटलजवळ राहिलो. नात तेव्हा चार वर्षांची. तिला जी बालवाडी होती तिला इमारतच नव्हती. खरंच नव्हती. सकाळी नऊला एका जंगलवजा बागेच्या तोंडाशी मुलांना सोडायचं, एक वाजता तिथूनच आणायचं. मधले चार तास मुलं झाडांखाली. पाऊस आला तरी झाडांखालीच. आणि सिअ‍ॅटलचा पाऊस आपल्यासारखा कोसळून मोकळा होत नाही, आठवडाभर नुसता पिरपिरत राहतो. मुलांना खालपासून वरपर्यंत रबरी पोशाख. हात धुवायला तोटीचं पिंप, संडासाला छोट्या तंबूत ठेवलेली खुर्ची. मी पहिल्या दिवशी सुनेला म्हटलं, "अगं, एवढे पैसे भरून पोरीला रानात सोडता?" ती हसली आणि म्हणाली, "आई, पैशाचं सोडा, मला एक वाजता ऑफिसातून निघावं लागतं त्याचं काय ते बघा."

या 'एक वाजता'ची मला पुढे फार गंमत वाटली. मला वाटलं होतं, चार वर्षांच्या मुलांना चार तास पुरे, म्हणून एक वाजता सुटते. कारण वेगळंच होतं. वॉशिंग्टन राज्याच्या कायद्यानुसार एखादी बालवाडी मुलांना दिवसाला चार तासांपेक्षा जास्त ठेवत नसेल तर तिला परवाना लागत नाही. जास्त ठेवायचं तर परवाना हवा. आणि परवान्याच्या नियमांत असं की दर मुलामागे आत, म्हणजे खोलीत, 35 चौरस फूट जागा हवी. खेळायला बाहेर 75 चौरस फूट, तीही कुंपणासकट. आता ज्या शाळेला खोलीच नाही तिनं आतले 35 चौरस फूट आणायचे कुठून? भोवती एकरच्या एकर जंगल आहे, पण अर्जातल्या त्या रकान्यात शून्य. म्हणून सगळ्या जंगलशाळा चार तासांच्या. आणि म्हणून आमची अमेरिकावारी, एक वाजता नातीला आणायला! आमच्या ह्यांनी तर "आपण परवान्याऐवजी आलो आहोत" असं सगळ्यांना सांगायला सुरुवात केली होती.

मुलांना उघड्यावर शिकवणारे आणि सरकार यांचं नातं पहिल्यापासून जरा अवघडच दिसतं. ज्या फ्रोबेलनं 1837 साली जर्मनीत ब्लँकेनबुर्गला लहान मुलांची शाळा काढली आणि 1840 मध्ये तिला 'किंडरगार्टन', मुलांची बाग, हे नाव दिलं, त्याच्या किंडरगार्टनवर प्रशियाच्या सरकारनं 1851 मध्ये चक्क बंदी घातली. कारण काय, तर म्हणे या शाळांतून नास्तिकपणा आणि समाजवाद शिकवला जातो. त्यात फ्रोबेलच्या पुतण्याच्या लिखाणाची आणि त्याच्या लिखाणाची सरकारी गल्लत झाली होती असं सांगतात. म्हातारा दुसऱ्याच वर्षी गेला. बंदी उठली 1860 मध्ये. आपल्याकडेही सरकारी कागदावरच्या नावाच्या घोळानं पेन्शन अडकलेले लोक मी पाहिले आहेत, पण हा घोळ फारच मोठा!

पुढे इंग्लंडात रेचेल आणि मार्गारेट मॅकमिलन या बहिणींनी लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत 1914 मध्ये उघड्या हवेतली बालशाळा चालू केली. मुलांना बागेत ठेवायचं, न्हाऊ घालायचं, खाऊ घालायचं. तिथे प्रश्न निसर्गप्रेमाचा नव्हता. खुराड्यासारख्या घरांत मुलं आजारी पडत होती, म्हणून मोकळी हवा. 1918 च्या शिक्षण कायद्यानं अशा शाळांना सरकारी मदत देण्याची सोय झाली. पन्नासच्या दशकात डेन्मार्कमध्ये एला फ्लाताउ नावाच्या बाईंनी मुलांना रोज जंगलात न्यायला सुरुवात केली. जर्मनीत विसबाडेनला 1968 पासून तशी एक शाळा चालू होती. फ्लेन्सबुर्गच्या जंगलशाळेला सरकारी मान्यता मिळाली ती 1993 मध्ये. ती मिळाल्यावर मात्र धरण फुटावं तशा शाळा निघाल्या, आज जर्मनीत हजाराहून जास्त आहेत. वादळवाऱ्यात आसरा हवा म्हणून बहुतेकींच्याजवळ चाकांवरची एक लाकडी खोली उभी असते, आपल्या धनगरांच्या बिऱ्हाडाला अमेरिकन पैसा मिळाला असता तर जशी दिसली असती तशी.

हे सगळं वाचताना मला सारखं आठवत होतं ते बोर्डी आणि कोसबाड. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला खेड्यातली बालवाडी सुरू केली. गावातली सवर्णांची मुलं आली, हरिजनवाड्यातली येईनात. तेव्हा 'मुलं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा मुलांकडे जाईल' असं म्हणून त्यांनी बालवाडी त्यांच्या वस्तीत, घरासमोरच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. 1957 मध्ये ही मंडळी कोसबाडच्या टेकडीवर गेली. तिथे वारल्यांची मुलं गुरं राखायला कुरणात जायची, तर शाळा कुरणात गेली. ती कुरणशाळा. याला कुणी 'निसर्गाधारित पूर्वप्राथमिक कार्यक्रम' म्हटलं नाही. मुलं जिथे होती तिथे बाई गेल्या, इतकं साधं ते होतं. पुढे 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि तिनं देशभरासाठी शब्द उचलला तो अंगणवाडी. आता त्या योजनेच्या निकषात अंगणवाडीला 600 चौरस फुटांची इमारत हवी असं आहे. अंगणाला भिंती आल्या! पण मी हसणार नाही. कोकणातल्या पावसात उघड्यावर चूल पेटवून ज्यांनी खिचडी केली आहे त्यांना विचारा, इमारत हवी की नको.

आता माझी गोष्ट. ही घरच्यांना माहीत आहे, पण पूर्ण नाही.

1979 साली मी महाडच्या बाजूच्या एका खेड्यात पहिलीला शिकवत होते. नवी नोकरी, मराठी घेऊन बी. ए. झालेली, डोक्यात ताराबाई आणि गिजुभाई. आठवड्यातून दोनदा मी वर्ग शाळेमागच्या माळावर न्यायची. बिया मोजायच्या, पानं जुळवायची, वारा कुठून येतो ते बघायचं. मुलं फार खुश असत. परवानगी कुणाची घेतली नव्हती, कारण अशी परवानगी असते हेच माहीत नव्हतं. आणि एके दिवशी दगडाखालच्या विंचवानं एका पोराला नांगी मारली.

कोकणातला लाल विंचू म्हणजे काय हे तिकडच्यांना सांगायला नको. तेव्हा त्यावर खात्रीचं औषध नव्हतं. महाडच्याच डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिनचा उपचार शोधला तो त्यानंतर काही वर्षांनी. त्याआधी लहान मुलं दगावत, अगदी पुष्कळ. मी त्या पोराला मांडीवर घेऊन बैलगाडीत बसले होते आणि त्याचा हात गार लागतो का ते दर मिनिटाला बघत होते. विंचू काळा निघाला. पोर रात्रभर रडलं आणि सकाळी भाकरी मागितली. मी मात्र पुढचे आठ दिवस जेवले नाही म्हटलं तरी चालेल.

मुख्याध्यापकांनी एका ओळीची सूचना काढली, वर्ग खोलीबाहेर न्यायचा नाही. मी सही केली. आणि त्यानंतर 2009 ला निवृत्त होईपर्यंत, तीन गावं आणि एक शहर बदलून, मी एकदाही वर्ग बाहेर नेला नाही. कुणी अडवलं नव्हतं. नव्या शाळांत ती सूचना कुणाला माहीतही नव्हती. मीच नेला नाही.

म्हणून सिअ‍ॅटलला मी त्या शाळेत पालकांनी मदतीला थांबायच्या दिवशी मुद्दाम थांबले. मला बघायचं होतं, या बाया घाबरत कशा नाहीत. तर त्या घाबरत होत्या, पण पद्धतशीर! मुलं यायच्या आधी एक बाई सगळी जागा फिरून यायची. वरती वाळलेली फांदी अडकली आहे का, रात्रीत कुणी काही टाकलं आहे का, खाजकुयलीसारख्या झाडांचं रान कुठपर्यंत आलं आहे. वारा ठराविक वेगाच्या वर गेला की उंच झाडांखाली थांबायचं नाही. त्या ऑगस्टमध्ये वणव्यांच्या धुरानं सिअ‍ॅटलची हवा इतकी बिघडली होती की आम्ही खिडक्या लावून बसलो होतो, तर धुराचा आकडा किती झाला की शाळा बंद ठेवायची हेही कागदावर होतं. आणि ओंडका उलटायचा असेल तर कसा? पलीकडची कड धरून आपल्याकडे उचलायचा. म्हणजे खालून काही निघालं तर ते समोरच्या बाजूला पळतं, मध्ये ओंडका असतो. मी हे पाहिलं आणि तिथल्या ओल्या बाकावर बसून राहिले. एवढंसं तर होतं. मला 1979 मध्ये हे कुणी सांगितलं नव्हतं. (त्या ओंडक्याखालून निघाली ती केळ्याएवढी पिवळी गोगलगाय. नातीनं ती मला हातावर ठेवायला लावली. असो.)

तोपर्यंत तिथे सरकारी पातळीवर एक प्रयोग सुरू झाला होता. 2017 मध्ये वॉशिंग्टनच्या विधिमंडळानं कायदा करून उघड्यावरच्या बालवाड्यांना परवाना कसा देता येईल हे ठरवायला चार वर्षांचा प्रायोगिक प्रकल्प आखला. अधिकारी रानात गेले. भिंतीऐवजी काय मोजायचं, पाण्याची, संडासाची सोय कशी धरायची, मुलांनी दुपारी झोपायचं कुठे, थंडीत आसरा कुठला, हे शाळावाल्यांच्या बरोबर बसून लिहिलं. खोलीतल्या बालवाडीत दहा मुलांमागे एक मोठं माणूस चालतं, इथे त्याहून कमी मुलांमागे एक. 2019 मध्ये ऑर्कास बेटावरच्या एका शाळेला पहिला परवाना मिळाला आणि 2021 मध्ये कायदा कायमचा झाला. अमेरिकेत असं करणारं हे पहिलं राज्य.

मुलाला वाटत होतं की परवाना म्हणजे सरकारची लुडबुड, एका चांगल्या मोकळ्या गोष्टीची फाइल होणार. आमचा यावर जेवणाच्या टेबलावर वाद झाला. पण नातीच्या वर्गात मी पाहिलं, सगळी मुलं आमच्यासारख्याच घरांतली. आई किंवा बाप संगणकवाला, आजी-आजोबा विमानानं आलेले. तिथे गरीब नोकरदारांना मुलांच्या पाळणाघरासाठी सरकार पैसे देतं, पण परवाना असलेल्या जागेसाठीच. शिवाय दुकानात दिवसभर उभी राहणारी बाई एक वाजता मुलाला न्यायला येणार कशी? म्हणजे परवाना नाही तोवर ते जंगल फक्त आमच्या नातीचं. मॅकमिलन बहिणींनी आणि ताराबाईंनी जी गोष्ट सगळ्यात गरीब पोरांसाठी काढली, ती तिथे पोचेपर्यंत उलटी झाली होती, आणि ती थोडी तरी सुलटी करायचा रस्ता त्या कंटाळवाण्या अर्जातूनच जात होता. मुलाला हे पूर्ण पटलं नाही. त्याचं म्हणणं, माणसं जास्त लागणार, खर्च वाढणार, फी वाढणार. तेही खोटं नाही.

नातीला त्याचा काही उपयोग झाला नाही. कायदा कायमचा झाला तेव्हा ती पहिलीत गेलेली होती, खोलीत.

फोन ठेवल्यावर मला काय वाटलं कोण जाणे, मी त्या विंचवाच्या पोराचा नंबर शोधून काढला. पोर कसलं, पन्नाशी उलटलेली, टेम्पो आहे स्वतःचा. त्याला सगळं सांगितलं. सिअ‍ॅटल, जंगल, ओंडका, आपल्याकडे उचलायचा. "तुला त्या दिवशी दगड कसा उचलायचा ते शिकवलं असतं ना..." मी म्हणत होते, तर तो मधेच हसायला लागला.

"बाई, दगड मी उचललाच नव्हता," म्हणाला. "माझा हात नुसता टेकलेला होता. उचलला दुसऱ्यानंच."

"कुणी?"

"ते तेव्हा सांगितलं नाही, आता काय सांगू?"

बराच आग्रह केला. नाहीच सांगितलं.